बिनसमुद्राच्या गावाहून हर्णैला

मैत्रिणींनो, आमच्या यवतमाळला समुद्र नाही, हे काही मी तुम्हांला नव्यानं सांगायला नको. नकाशा उघडून पाहिलात तर सगळ्यांत जवळचा किनाराही कित्येक जिल्हे ओलांडल्यावर लागतो. आमच्याकडे काळी जमीन, कापूस, सागाचं जंगल आणि मे महिन्यात पंचेचाळिसाला टेकणारा पारा. समुद्र आम्हांला दोनच ठिकाणी भेटतो. एक भूगोलाच्या पुस्तकात आणि दुसरा आठवडी बाजारात, गोणपाटावर मांडलेल्या सुकट, झिंगे नि सुक्या बोंबलांच्या ढिगांत.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. मराठी आणि भूगोल. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरांचा किनारा आहे, दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे, हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितलं आहे की झोपेत विचारलंत तरी सांगेन. एकदा सातवीतल्या एका मुलीनं उभं राहून विचारलं, "मॅडम, समुद्राचं आपल्याला काय करायचं? आपल्याकडे तर पाऊस पडला तरच पाणी." मुलगी भोयांची. तिचे वडील धरणात मासोळ्या धरतात. वर्ग हसला, मीही हसले आणि 'परीक्षेला येतं म्हणून' असं उत्तर देऊन पुढचा धडा उघडला. त्या उत्तराची मला आज लाज वाटते. का, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसले आहे.

पण आधी माझ्या पाटल्यांची गोष्ट सांगायला हवी. ती घरातली आहे, पण तुमच्यापासून काय लपवायचं! तुमच्याही घरात अशी एखादी गोष्ट असेलच.

माझं माहेर आर्णी तालुक्यातलं. वडील गेल्यावर सहा एकरांचं शेत धाकटा भाऊ करतो. २०२३च्या जूनमध्ये पाऊस लांबला. मृग कोरडाच गेला. मधे एक शिडकावा झाला तशी त्यानं सरकी लावून टाकली आणि पाऊस पुन्हा गायब! सरकी मातीतच वाळली. दुबार पेरणीला पैसे हवेत, पण मागच्या वर्षीचं पीककर्ज थकलेलं, त्यामुळे नवं कर्ज मिळेना. तो माझ्याकडे आला. दारातच चप्पल काढून खाली मान घालून बसला. काय मागायला आलाय ते मला न सांगताच कळलं. आईनं लग्नात घातलेल्या पाटल्या मी कपाटातून काढून त्याच्या हातात दिल्या. सोनाराकडे गहाण ठेवून त्यानं बियाणं घेतलं.

सरकी उगवली. बोटभर झाली. आणि २२ जुलैला जो पाऊस कोसळला, तो आमच्या जिल्ह्यातली माणसं जन्मभर विसरणार नाहीत. यवतमाळ शहरात घराघरांत पाणी शिरलं. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर माणसं पुरात अडकली, त्यांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टर मागवावं लागलं. माझ्या भावाचं दीड एकर नाल्याकाठचं रान खरडून गेलं. माती गेली, खाली मुरूम उघडा पडला. त्यातच माझ्या पाटल्या गेल्या.

पुढच्या महिन्यात राखी पौर्णिमेला तो आला. मी ओवाळलं, राखी बांधली आणि ताटात वाढता वाढता माझ्या तोंडून निघून गेलं, "पहिल्या शिडकाव्यावर पेरायची घाई कशाला केलीस रे? चार दिवस थांबला असतास तर माझ्या पाटल्या तरी राहिल्या असत्या." भावजय तिथंच होती. तो इतकंच म्हणाला, "बाई, पाणी माह्या हातात हाये का?" आणि भरल्या ताटावरून उठला. तेव्हापासून दिवाळीपर्यंत आमचं बोलणं नव्हतं. भाऊबीजेलाही तो आला नाही. मी माझ्या मनाला समजावत होते, की मी खोटं काय बोलले?

अशा मनानं मी कोकणात गेले.

माझी धाकटी नणंद दापोलीला असते. नंदाव्यांची नोकरी तिथल्या कृषी विद्यापीठात. "वहिनी, किती वर्षं नुसतं येते येते म्हणतेस!" असा तिचा फोन झाला आणि दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघं निघालो. यवतमाळातून तेव्हा कुठलीच आगगाडी सुटत नव्हती. इंग्रजांच्या वेळची छोटी 'शकुंतला' होती मूर्तिजापूरला जाणारी, तीही बंद पडलेली. मग एस.टी.नं धामणगाव, तिथून रात्रीची मुंबईची गाडी, मुंबईहून पुन्हा एस.टी. मुलं पेंगुळली होती. पण घाट उतरताना लाल माती दिसायला लागली तशी मी मात्र खिडकीला नाक लावून बसले. काळ्या मातीत वाढलेल्या बाईला लाल माती म्हणजे कुणी कुंकू सांडून ठेवल्यासारखी वाटते!

दापोलीहून हर्णै जवळच आहे. उतरण संपली की एकदम समोर समुद्र. आणि त्या समुद्रात, किनाऱ्यापासून थोडा आत, सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे एक मोठं ठाणं. पुढे १७५५मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. मुलांनी किल्ला पाहिला, ह्यांनी फोटो काढले. मी मात्र पाहत राहिले ती बैलगाडी.

हो, बैलगाडी! हर्णैच्या किनाऱ्यावर मोठ्या होड्या थेट वाळूला लागत नाहीत. होडी आत उभी राहते आणि मासळी आणायला बैलगाड्या समुद्रात उतरतात. बैलांच्या पोटापर्यंत पाणी, वर गाडीवान उभा, गाडीत मासळीच्या पाट्या. पोळ्याला बैलांची पूजा करणाऱ्या घरातली मी. मला तो बैल खाऱ्या पाण्यात उभा पाहून कसंसंच झालं आणि त्याच क्षणी ही माणसं परकी वाटेनाशी झाली.

संध्याकाळी तिथे लिलाव भरतो. तो पाहण्यासारखा असतो. वाळूवर ढीग लागतात. सुरमई, पापलेट, बांगडे, कोळंबी, माकूल. भोवती बायकांचं कडं. कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं, अंबाड्यात फुलं आणि आवाज असा की आमच्या बाजार समितीतल्या अडत्यांनी शिकायला यावं! माल होडीवरून उतरला की सगळा कारभार बायकांच्या हातात. बोली त्या लावतात, पैसा त्या मोजतात, बर्फ त्या भरतात, उरलेलं त्या वाळवतात. आमच्याकडे कापूस वेचणारी बाई आणि कापसाचा पैसा मोजणारा पुरुष, हे पाहायची सवय असलेल्या मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

पण माझी नणंद म्हणाली, "वहिनी, ढीग बघितलेस ना? मी लग्न होऊन आले तेव्हा इथं पाय ठेवायला जागा नसायची."

दुसऱ्या दिवशी तिनं मला तिच्या ओळखीच्या एका कोळीणबाईंकडे नेलं, पाजपंढरीला. हर्णैला लागूनच असलेली ही कोळ्यांची वस्ती. घराला घर चिकटलेलं, अंगणात जाळी, पायरीवर जवळा वाळत घातलेला. बाई पन्नाशीच्या. मी यवतमाळची म्हटल्यावर विचारात पडल्या. "म्हंजे नागपूरकडं? तिकडं आमची सुकट जाते." मी म्हटलं, "हो, तीच खाऊन मोठी झालेय!" त्या मनापासून हसल्या आणि मला पाटावर बसवून चहा टाकला.

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते.

पूर्वी समुद्राचं एक वेळापत्रक असायचं. पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारायच्या, जाळी दुरुस्त करायची. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि मग होडी पाण्यात. भाद्रपद-आश्विनापासून मासळीचा खरा हंगाम. तेव्हा मिळवायचं आणि वर्षभर खायचं. मधे वादळ नसायचं असं नाही. नोव्हेंबर २००९मधलं 'फयान' त्यांना आठवतं, त्यात कोकणची कितीतरी माणसं गेली. पण ती एखाददुसरी गोष्ट. 'आता दरवर्षी बावटा' असं त्या म्हणाल्या. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की होडी बाहेर काढायची नाही. जाळं कोरडं, खलाशांचा पगार मात्र चालू.

त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. २०१७च्या डिसेंबरात 'ओखी'. २०१९मध्ये दिवाळीत 'क्यार' आणि ते सरतं न सरतं तोच 'महा', म्हणजे ऐन हंगाम घरात बसून. २०२०मध्ये टाळेबंदीनं बाजार बंद आणि ३ जूनला 'निसर्ग'. ते वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, पण दापोली-मंडणगडनंही त्याचा मार खाल्ला. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळीला फळ धरायला किती वर्षं लागतात ते बागायतदाराला विचारा! बाईंच्या घराचे पत्रे उडाले, होडी दगडावर आपटून फुटली. आणि २०२१च्या मे महिन्यात 'तौक्ते'. त्याच वादळात मुंबईजवळ तेल कंपनीच्या कामावरचा तराफा बुडून साठांहून अधिक माणसं गेली, ते तुम्ही वाचलं असेल.

"होडी कशी दुरुस्त केली?" मी विचारलं.

त्यांनी गळ्याला हात लावला. गळ्यात काळ्या मण्यांची पोत तेवढी होती. कोळीणबाईच्या अंगावर सोनं किती असतं, ते मी आदल्या दिवशी लिलावात पाहिलं होतं.

"माळ होती माझी, सासूनं घातलेली," त्या म्हणाल्या. "निसर्गाच्या टायमाला ठेवली, सोडवली. तौक्तेला परत ठेवली. ती अजून तिकडंच आहे. सासू म्हणायची, आपलं सोनं पाण्यात जातं नि पाण्यातनंच परत येतं. आता जातं ते जातं गो बाय."

मग जराशानं म्हणाल्या, "नवऱ्याला मी बोलले होते. तांडेल असून तुला वारा कळला नाही का म्हणून. तो काय बोलणार? त्याच्या बापाला वारा कळायचा, कारण बापाच्या वेळेला वारा बदलत नव्हता."

मैत्रिणींनो, माझ्या हातातला चहा निवून गेला. राखी पौर्णिमा आणि नारळी पौर्णिमा एकच दिवस. ज्या दिवशी या बाईनं समुद्राला हात जोडून 'शांत हो' म्हटलं असेल, त्याच दिवशी मी माझ्या भावाला ताटावरून उठवलं होतं. आणि दोघींचा प्रश्न एकच होता. तुला वारा कळला नाही का? तुला पाऊस कळला नाही का?

रात्री मी हा विषय जेवताना काढला. नंदावे शेतीशास्त्रातले. त्यांनी मला जे समजावलं ते मी वर्गात सांगते तसं सोपं करून तुम्हांला सांगते.

कोळसा, तेल जाळून आपण हवेत जो धूर सोडतो, त्यातल्या कर्बवायूमुळे पृथ्वीभोवती जणू गोधडी पांघरली गेली आहे. त्यामुळे जी जादा उष्णता कोंडते तिच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र पोटात घेतो. आपला अरबी समुद्र तर अलीकडच्या काही दशकांत अंशभराहून जास्त तापला आहे. अंशभर म्हणजे काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं. पण तापलेल्या माणसाचा एक अंशसुद्धा किती महत्त्वाचा असतो, ते आपल्या आयांना वेगळं सांगायला नको. चक्रीवादळाला कोमट पाणी हे खाद्य. पूर्वी वादळं म्हणजे बंगालच्या उपसागराची मिरासदारी, अरबी समुद्र त्या मानानं थंड नि शहाणा. आता तोही तापला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये हिशेब मांडला. २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या वीस वर्षांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली, आणि अतितीव्र वादळं तर अडीच पट झाली.

मासळीचंही तसंच. मासा काही पत्ता बदलल्याची चिठ्ठी ठेवून जात नाही. पाणी तापलं की तो थंड पाण्याकडे सरकतो, खोल जातो, उत्तरेकडे जातो. केरळकडची तारली वरच्या किनाऱ्यावर दिसायला लागली, ती याचमुळे असं सांगतात. लहान होडीवाल्याला खोल समुद्रात जाता येत नाही. गेलाच तर डिझेल दुप्पट जळतं. २०१९मध्ये, म्हणजे क्यार आणि महाच्या वर्षी, महाराष्ट्राची सागरी मासळी दोन लाख टनांच्या आसपास आली. आधीच्या पंचेचाळीस वर्षांतला हा नीचांक, असं केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं सांगितलं.

सगळा दोष हवेवर टाकू नये, असंही नंदावे म्हणाले आणि ते मला पटलं. मोठ्या यांत्रिक बोटी, समुद्र घुसळून काढणारी पर्ससीन जाळी, रात्री पाण्यात झगझगीत दिवे सोडून केलेली मासेमारी, बारीक आसाची जाळी लावून ओढलेली पिल्लं, हेही आहेच. पर्ससीनवर राज्यानं २०१६मध्ये मर्यादा घातल्या, दिव्यांच्या मासेमारीवर केंद्रानं २०१७मध्ये बंदी आणली. तरी लपूनछपून चालतं, असं किनाऱ्यावरची माणसं सांगतात. घरात आधीच दुखणं आणि त्यात चोर शिरावा, तशी गत.

मग मी तो प्रश्न विचारला, जो माझ्या सातवीतल्या मुलीनं मला विचारला होता. समुद्राचं यवतमाळला काय?

नंदावे म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडचा पाऊस येतो कुठून?"

मी चमकले! अहो, मी भूगोल शिकवते. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, हे मीच फळ्यावर बाण काढून दाखवते. पण बाणाचं एक टोक हर्णैला आणि दुसरं माझ्या भावाच्या शेतात आहे, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

पुण्याच्या त्याच संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १९५० ते २०१५ या काळातला मध्य भारताचा पाऊस तपासला होता. एका दिवसात १५० मिलिमीटर किंवा अधिक, तोही मोठ्या प्रदेशावर, अशा अतिवृष्टीच्या घटना या काळात तिप्पट झाल्या. एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. म्हणजे मधले कोरडे दिवस लांबले आणि पडतो तेव्हा घागर उपडी केल्यासारखा पडतो. याचं मोठं कारण तापलेला अरबी समुद्र. तो जास्त बाष्प सोडतो, वाऱ्याचा जोर कमीजास्त होत राहतो आणि ते बाष्प मधूनच एकदम आत येऊन मध्य भारतावर रितं होतं. मध्य भारत म्हणजे कोण? आपणच की!

मग २०२३चा जून आठवला. त्या महिन्यात अरबी समुद्रात 'बिपरजॉय' वादळ दहाएक दिवस घोंगावत होतं. ते १५ जूनला गुजरातच्या किनाऱ्यावर गेलं, पण मोसमी पावसाची वाटचाल त्यानं अडवून धरली. विदर्भात पाऊस पोचेपर्यंत जूनचा तिसरा आठवडा उलटला होता. माझ्या भावाची सरकी वाळत होती, तेव्हा हर्णैचे कोळी होड्या वर ओढून त्याच वादळाकडे बघत बसले होते. आणि मी म्हणाले, चार दिवस थांबला असतास तर!

त्या रात्री मला झोप आली नाही. ह्यांना म्हटलं, "मी चुकले हो." ह्यांनी फक्त "हं" केलं. त्यांना ते कधीच कळलेलं असणार.

आता थोडं आमच्या भोयांविषयी सांगते, कारण त्यांची दखल तर कुणीच घेत नाही. आमच्या जिल्ह्यात पैनगंगा आहे, वर्धा आहे, बेंबळा, अरुणावती, पूस, इसापूर अशी धरणं आहेत. तिथे भोई समाजाच्या सहकारी संस्था मासेमारीचा ठेका घेतात. पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळ यांचं बोटुकलं बीज विकत आणून पाण्यात सोडायचं, वाढवायचं आणि मग धरायचं. म्हणजे त्यांचीही पेरणीच! पाऊस लांबला तर तलावात पाणी नाही, बीज सोडता येत नाही. एकदम कोसळला तर सांडव्यावरून पाण्याबरोबर मासेही वाहून जातात. २०१८च्या उन्हाळ्यात यवतमाळला पिण्याच्या पाण्यासाठी काय दशा झाली होती, ते आमच्या शहरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. निळोणा आणि चापडोह आटले, नळाला कित्येक दिवसांनी पाणी यायचं. आपण तेव्हा टँकरमागे बादल्या घेऊन धावलो, पण तलाव आटला की त्यातल्या मासळीवर जगणाऱ्यांचं काय झालं असेल, हा विचार मी तरी केला नव्हता. माझी ती विद्यार्थिनी मधे दोन महिने शाळेत नव्हती. आईवडील वीटभट्टीवर गेले होते, तिला लहान भावाला सांभाळायला नेलं होतं. हजेरीपटावर मी लाल शाईनं 'गैरहजर' एवढंच लिहिलं होतं.

तुम्ही कोकणात जाणार असाल तर अवश्य जा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत हवा छान असते. हर्णैचा लिलाव चुकवू नका, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती जवळच आहे. पण किनाऱ्यावर नुसते फोटो काढून परतू नका. कोळीणबाईंकडून चार पैशांची मासळी घ्या आणि घासाघीस बेतानं करा. ताजी मासळी ओळखायची ती अशी. कल्ले लालभडक हवेत, डोळा चकचकीत, आणि बोटानं दाबलं तर मांस परत वर यायला हवं. तळहातापेक्षा लहान पापलेट घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी! ते पिल्लू आहे. रूपेरी पापलेटला २०२३मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला, आणि पिल्लं धरू नयेत म्हणून सरकारनं माशांचे किमान आकारही ठरवून दिले. पण नियम पाळला जाईल तो गिऱ्हाईकाच्या पिशवीपाशी. आपण घेतलं नाही तर कुणी धरणार नाही.

सुकट आणलीत तर घरी एक दिवस कडक ऊन द्या, मग कोरड्या तव्यावर मंद भाजून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. पुष्कळ दिवस टिकते. करायच्या वेळी चाळून घ्या, म्हणजे वाळू निघते. कांदा, लसूण, तिखट आणि वांग्याच्या चार फोडी घातल्या की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. आता मात्र सुकट निवडताना मला तो पायरीवरचा जवळा दिसतो. अवकाळी पावसाची एक सर आली तर सगळा सडतो, आणि त्याची भरपाई कुठल्याच कागदावर चढत नाही, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. होडीचा पंचनामा होतो, बाईच्या वाळवणाचा होत नाही.

निघताना त्यांनी मला किलोभर सुकट बांधून दिली. पैसे घेईनात. बळेच त्यांच्या हातात कोंबले. "परत या, यवतमाळवाल्या," म्हणाल्या.

घरी आल्यावर नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा अवकाळी पाऊस आला. विदर्भात वेचणीला आलेला कापूस झाडावरच भिजला. पाऊस उघडला तशी मी शाळेतून दोन दिवसांची रजा काढली आणि सुकटीची अर्धी पुडी पिशवीत घालून माहेरची एस.टी. धरली.

भाऊ शेतात होता. मी बांधावर पदर खोचला आणि त्याच्या ओळीशेजारची ओळ धरून ओला कापूस वेचायला लागले. लग्नाआधी वेचायचे तशी. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग मीच म्हटलं, "तिकडच्या कोळ्यालाही वारा कळत नाही रे आता. तुला पाऊस कुठून कळणार?" तो काही बोलला नाही. पण ओळ संपली तेव्हा माझ्या ओट्यातला कापूस त्यानं आपल्या गाठोड्यात ओतून घेतला आणि म्हणाला, "चाल बाई, जेवाले." भावजयीनं सुकट केली होती. त्या दिवशी ताटावरून कुणीही उठलं नाही.

पाटल्या अजून सोनाराकडेच आहेत. सुटतील तेव्हा सुटतील. मी विचारत नाही.

आणि वर्गात मी आता तो बाण पूर्ण काढते. फळ्याच्या डाव्या कडेला समुद्र, उजव्या कडेला आपलं यवतमाळ. त्या मुलीला उभं करून मी तिच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांसमोर दिलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, मग समुद्र थंड कसा करायचा?"

या प्रश्नाला 'परीक्षेला येतं म्हणून' हे उत्तर चालणार नाही, मैत्रिणींनो. मी तिला म्हटलं, तो तापतोय तो धुरानं, तेव्हा धूर कमी करणं हे पहिलं काम. सरकारांचं, कारखान्यांचं आणि थोडंसं आपल्या प्रत्येक घराचंही. ते होईपर्यंत ज्यांचं सोनं पाण्यात जातंय, त्यांना निदान दोष देऊ नये. एवढं तर आपण आज संध्याकाळपासूनच करू शकतो, नाही का?